वाळूमाशी: सापळ्यापासून काचपट्टीपर्यंत, आणि ‘पॉझिटिव्ह’चा खरा अर्थ

कोनाडा (धागाकर्ता)

मराठीत वाळूमाशीबद्दल शोधायला गेलं की तीच चार वाक्यं भेटतात: डासापेक्षा लहान असते, काळा आजार पसरवते, चांदीपुरा हा विषाणू पसरवते, परिसर स्वच्छ ठेवा. गावात जाऊन माशी पकडायची, तिची जात ठरवायची, तिच्या आतड्यात परजीवी आहे का ते बघायचं, हे ज्याला करायचंय त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. इथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून कामाचे तपशील एका जागी यावेत यासाठी हा धागा.

नवख्यांसाठी आधी थोडी ओळख. लांबी दोन-तीन मिलिमीटर, अंगभर केस, रंग मातकट. बसली की पंख पाठीवर मिटत नाही, दोन्ही बाजूंना तिरपे उभे धरते. एवढ्या एका खुणेवर भिंतीवरची वाळूमाशी डासापासून वेगळी काढता येते. सरळ उडत जाण्याऐवजी भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. पंखांचा आवाज नाही. रक्त फक्त मादी पिते. गोड रस मात्र नर-मादी दोघंही पितात. वाळूशी नावापुरताच संबंध: अंडी ओलसर, सावलीच्या, शेणकचरा कुजलेल्या मातीत घातली जातात, पाण्यात नाही. त्यामुळे साचलेलं पाणी काढून टाकण्याचा डासांसाठीचा सल्ला इथे कामाचा नाही.

जगात सुमारे हजार जाती, त्यातल्या शंभराच्या आसपास जातींवर रोगवहनाचा पुरावा किंवा संशय. आपल्याकडच्या महत्त्वाच्या तीन. फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस म्हणजे चंदेरी पायांची. भारतीय उपखंडात काळ्या आजाराचा परजीवी, लिशमॅनिया डोनोव्हानी, हीच वाहते. फ्लेबोटोमस पापाटासी त्वचेचा लिशमॅनियासिस (लिशमॅनिया परजीवीमुळे त्वचेवर होणारा आजार) आणि सँडफ्लाय ताप पसरवते. फ्लेबोटोमस सर्जेंटाय ही बिकानेरकडच्या त्वचेच्या लिशमॅनियासिसशी जोडलेली. याशिवाय सर्जेंटोमायिया नावाची अख्खी प्रजाती आहे. ती पाली-सरड्यांचं रक्त पिते असं मानून बाजूला टाकली जाते, आणि सापळ्यात बहुतेक वेळा तीच सर्वांत जास्त येते.

मुद्दा असा की माश्या पकडल्या, पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) केला, पॉझिटिव्ह आला, की लगेच ‘वाहक सापडला’ असं लिहिलं जातं. हे चूक आहे, आणि चुकीची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, सापळ्यापाशीच होते. म्हणून क्रमाने जाऊ. आधी पकडण्याबद्दल लिहा.

गोठ्याचा_कोपरा

प्रकाश सापळ्यापासून सुरुवात करतो. सहा व्होल्टचा सीडीसी सापळा (दिवा, पंखा आणि खाली पिशवी) सगळीकडे वापरतात, पण त्याच्याबरोबर येणारी डासांची पिशवी तशीच लावली तर अर्ध्या माश्या जाळीतून निघून जातात. बारीक विणीची पिशवी वेगळी शिवून घ्यावी लागते. सापळा खोलीच्या किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ चिकटून आणि जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगा. डासांसाठी टांगतात तसा डोक्याइतक्या उंचीवर टांगला तर पिशवी रिकामी मिळेल, कारण ही माशी जमिनीलगत फिरते. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालू.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी:

बॅटरी. चार्ज कमी असेल तर मध्यरात्रीनंतर पंखा मंदावतो आणि आत आलेल्या माश्या वर चढून बाहेर पडतात. दिवा सकाळपर्यंत चालू दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लावताना आणि काढताना व्होल्टमीटरने मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळचा आकडा पडलेला असेल तर ती रात्र बाद.

सकाळी आधी पंखा बंद करून मग पिशवी बांधणं. उलटं करा. पंखा चालू असतानाच पिशवीचं तोंड आवळा, मग तार काढा.

मुंग्या. टांगायच्या दोरीला ग्रीस लावलं नाही तर पहाटेपर्यंत पिशवीत नुसते पंख उरतात.

वारा. सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वारा असला तरी ही माशी उडायचं टाळते. मोकळ्या ओसरीत वाऱ्याच्या रात्री शून्य आलं तर ‘माशी नाही’ असं त्यातून ठरत नाही.

गोळा केलेली पिशवी ओल्या कापडात गुंडाळून थंड पेटीत ठेवायची, पण बर्फाला थेट टेकू द्यायची नाही. कोरड्या हवेत या माश्या तासा-दोन तासांत मरतात.

तोंडाने ओढायची नळी वापरणार असाल तर मध्ये बारीक जाळी आणि त्यापुढे हेपा फिल्टर हवाच. माशीच्या अंगाचे केस श्वासात जातात. शक्यतो बॅटरीवर चालणारी नळी वापरा. भिंतीवरच्या विसावलेल्या माश्यांसाठी उत्तम वेळ पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत. कोनाडे, भिंतीच्या भेगा, दाराची मागची बाजू, गव्हाणीच्या खालचा भाग. टॉर्च तिरपी धरा, म्हणजे सावलीमुळे माशी उठून दिसते. ठरलेली मिनिटं घड्याळ लावूनच शोधायची आणि संख्या माणशी तासाला किती अशी लिहायची.

एरंडेल

चिकट कागदाबद्दल वरच्या प्रतिसादात काही आलं नाही, म्हणून भर. जाडसर पांढरा कागद, दोन्ही बाजूंनी एरंडेल तेलाचा पातळ थर. भेगा आणि बिळांच्या तोंडाशी संध्याकाळी लावायचे, सकाळी काढायचे. एरंडेलच का? ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, बाकीची खाद्यतेलं विरघळत नाहीत. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने माशी उचलली की तेल सुटतं आणि माशी स्वच्छ होते. दुसरं तेल वापरलं तर ते केसांत बसतं आणि पुढे काचपट्टीवर बुडबुडे आणि डाग दिसत राहतात. थर जाड झाला तर कागद ओघळतो आणि माशी तेलात बुडून तिचे पाय निखळतात.

कागदावर नर जास्त मिळतात, दिव्याकडे न येणाऱ्या जातीही मिळतात. मात्र या माश्या मेलेल्या असतात, म्हणून आतडं उघडून जिवंत परजीवी बघायचा असेल तर ही पद्धत नको.

कोनाडा

दोघांचे आभार. नोंदींबद्दल एक आग्रह आहे. शून्य माश्यांच्या रात्री वहीतून गाळू नका. पन्नास सापळ्यांपैकी तीस रिकामे असतील आणि सरासरी फक्त वीस सापळ्यांवर काढली तर घनता अडीच पटीने फुगते. शिवाय वाळूमाशा झुंडीने सापडतात. एका गोठ्यात दोनशे, शेजारच्यात दोन. अशा वेळी साधी सरासरी त्या एकट्या गोठ्याचीच गोष्ट सांगते. प्रत्येक आकड्यात एक मिळवून लॉग काढा, त्याची सरासरी घ्या, उलट फिरवून एक वजा करा. फवारणीच्या आधी आणि नंतरच्या आकड्यांची तुलना याच पद्धतीने करावी.

आता जात ओळखणं आणि आतडं उघडणं. दुर्बीण, तुमच्याकडून सविस्तर हवंय.

दुर्बीण

लिहितो. दोन्ही कामं एकाच माशीवर करायची असतात, म्हणून आधी तुकड्यांची वाटणी. डोकं आणि पोटाचं शेवटचं टोक ओळखीसाठी काचपट्टीवर. छाती, पंख आणि पाय डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये. मधलं आतडं परजीवीसाठी. तिन्ही भागांवर एकच क्रमांक, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उडते आणि मग अख्खा संच निनावी होतो.

आतडं उघडण्याची रीत. जिवंत माशी फ्रीजरमध्ये किंवा कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करा. साबणाचा अगदी सौम्य थेंब घातलेल्या पाण्यात बुडवा. याने केस ओले होऊन सुटतात, नाहीतर माशी थेंबावर तरंगत राहते आणि हवेचे फुगे सोबत आणते. नंतर ०.९ टक्के सलाइनच्या दोन थेंबांतून धुऊन तिसऱ्या ताज्या थेंबात आणा. दोन बारीक सुया. डोकं कापून बाजूला. एक सुई छातीवर अलगद टेकवून ठेवा, दुसऱ्या सुईने पोटाच्या शेवटच्या दोन वळ्या धरून सावकाश मागे ओढा. आतडं धाग्यासारखं बाहेर येतं. मागचं आतडं, त्याला चिकटलेल्या माल्पीघियन नलिका, मग पोटातलं मधलं आतडं, आणि सर्वांत शेवटी छातीतला मधल्या आतड्याचा पुढचा भाग व त्याच्या तोंडाशी असलेली झडप.

ही झडप सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच मागे राहते. घाईने ओढलं की आतडं छाती आणि पोटाच्या सांध्याशी तुटतं, पुढचा भाग छातीत अडकतो, आणि पोटातला भाग बघून ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. तुटलं तर छाती उघडून पुढचा भाग काढाच. नाही निघाला तर नोंदीत ‘अपूर्ण’ लिहा. ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

आवरणकाच ठेवून ४०० पट मोठं करून बघा. प्रोमॅस्टिगोट (लिशमॅनियाचं माशीतलं, शेपूटवालं रूप) असतील तर लांबट, सुईसारखे, शेपूट पुढे करून वळवळताना दिसतात. झडपेपाशी गर्दी करून, मुळं रोवल्यासारखे. फसवणाऱ्या गोष्टी: मादीच्या शुक्रकोषातून सांडलेले शुक्रजंतू, तेही वळवळणारे धागेच असतात, यीस्ट, ग्रेगॅरीन नावाचे परजीवी, आणि मागच्या आतड्यातले कशाभधारी (शेपटीसारखा धागा असलेले) जीव, जे पाली-बेडकांचे ट्रिपॅनोसोम असू शकतात. लिशमॅनिया डोनोव्हानी मधल्या आतड्यात, पुढच्या बाजूला वाढतो. म्हणून ‘परजीवी दिसले’ एवढं पुरत नाही. कुठे दिसले, किती दिसले आणि आतड्यात रक्त शिल्लक होतं का, या तीन गोष्टी लिहायच्याच. सलाइनचा थेंब दिव्याखाली पाच-सात मिनिटांत आटतो, आणि आटला की परजीवी निश्चल होतात. निश्चल परजीवी नवखा माणूस हमखास चुकवतो.

ओळखीची काचपट्टी. डोकं आणि टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, साध्या तापमानाला. पाण्याने धुवा, मग होयरच्या माध्यमात (नमुना काचपट्टीवर बसवायचा पारदर्शक द्रव). डोकं खालची बाजू वर करून ठेवा, म्हणजे मुखपोकळी आणि घसा दोन्ही दिसतात. मुखपोकळीत दातांची आडवी रांग आणि गडद डाग असेल तर सर्जेंटोमायिया. फ्लेबोटोमसमध्ये ती रांग नसते. पोटावरचे केस उभे असतील तर फ्लेबोटोमस, आडवे निजलेले असतील तर बहुधा सर्जेंटोमायिया. हे मात्र काचपट्टीच्या आधी, कोरड्या माशीवर भिंगातून बघायचं. मादीचा शुक्रकोष फ्लेबोटोमसमध्ये वळ्यावळ्यांचा, अळीसारखा. सर्जेंटोमायियात बहुतेक गुळगुळीत पिशवी किंवा नळी. जाती ठरवताना याच शुक्रकोषावर सगळं अवलंबून असतं, आणि क्षारात जास्त वेळ राहिला तर तो इतका पारदर्शक होतो की असून दिसत नाही. अशा वेळी फेज कॉन्ट्रास्टने बघा. होयरचं माध्यम हवेतला ओलावा शोषतं. काठांना नेलपॉलिश लावलं नाही तर पावसाळ्यात आवरणकाच सरकते.

नर ओळखायला सोपे, त्यांची जननांगं बाहेर दिसतात. पण कोषातून नुकत्याच निघालेल्या नराची जननांगं उलटी असतात, पहिल्या दिवसभरात १८० अंशांत फिरतात. घरातल्या भेगेपाशी असे न फिरलेले नर सापडले तर पैदास जवळच कुठेतरी आहे.

विषाणूवेध

वरचा सगळा क्रम परजीवीसाठी बरोबर आहे. विषाणू शोधायचा असेल तर सुरुवातीलाच वाट बदलते.

चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांकडून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, वेगळा केला. ऱ्हॅब्डो कुळातला विषाणू, रेबीजचा लांबचा नातेवाईक. २००३च्या आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २०२४ साली गुजरातेत पुन्हा मोठी साथ आली. पावसाळ्याचे महिने, पंधरा वर्षांखालची मुलं. ताप, झटके आणि बेशुद्धी इतक्या वेगाने येते की दवाखान्यात पोहोचून चोवीस तास व्हायच्या आत मृत्यू होऊ शकतो. खास औषध नाही, लस नाही. म्हणून माशीवरचं काम इथे जास्त जिव्हाळ्याचं आहे.

माश्या अल्कोहोलमध्ये टाकल्या की विषाणू मेला. मग पेशींवर वाढवून बघणं कायमचं संपलं. पकडल्या पकडल्या थंड करा, ओळख थंड पट्टीवर भिंगाखाली झटपट करा, जात, लिंग, ठिकाण आणि तारखेनुसार वेगळे गट बांधा, आणि गट द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे सत्तरच्या खाली ठेवा. एका गटात वीस ते पन्नास माश्या. रक्त प्यालेल्या माद्या कधीही गटात मिसळू नका. पोटातलं रक्त आजारी जनावराचं किंवा माणसाचं असेल तर विषाणू त्या रक्ताचा असू शकतो, माशीचा नव्हे.

नर फेकून देतात, त्याचं फार वाईट वाटतं. नर रक्त पीत नाही. नरांच्या गटात विषाणू सापडला तर तो रक्तातून आलेला असूच शकत नाही. एकतर आईकडून अंड्यातून आला किंवा मादीशी संग होताना आला. पापाटासी माशीवरच्या प्रयोगांत चांदीपुरा या दोन्ही मार्गांनी जातो असं दिसलंय. साथ नसलेल्या महिन्यांत विषाणू कुठे टिकून राहतो या प्रश्नाचा एक धागा नरांच्या नळीत असतो.

आणि सर्जेंटोमायियाला पालीची माशी म्हणून टाकू नका. तेलंगणातल्या करीमनगर जिल्ह्यात तिच्याकडूनही चांदीपुरा विषाणू मिळालेला आहे.

सारवण

वाचतोय, फार उपयोगी धागा. एक शंका, थोडी विरोधाची. दुर्बीण म्हणतात तसं एकेक आतडं उघडायला हात किती लागतात? दिवसाला पन्नास माश्या झाल्या तरी खूप. काळा आजार कमी झालेल्या भागात हजार माश्यांत एखादी बाधित असेल. तिथे गट करून पीसीआर हाच व्यवहार्य मार्ग नाही का?

कोनाडा

सारवण, पाळत ठेवण्यासाठी तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. या तालुक्यात परजीवी अजून फिरतोय का, हा प्रश्न असेल तर गटावरचा पीसीआर योग्यच. पण ‘ही जात वाहक आहे का’ हा प्रश्न वेगळा. रॉबर्ट किलिक-केन्ड्रिक यांनी १९९०च्या सुमारास त्याच्या अटी मांडल्या, त्या अजूनही चालतात: ती माशी माणसाला चावते का, परजीवीचा साठा असलेल्या प्राण्यालाही चावते का, निसर्गात तिच्यात माणसात सापडतो तोच परजीवी सापडतो का, रक्त पचून बाहेर गेल्यावरही तिच्यात परजीवी शेवटच्या अवस्थेपर्यंत वाढतो का, आणि चाव्यातून ती तो देऊ शकते का. पीसीआर यातल्या फक्त तिसऱ्या अटीला स्पर्श करतो, तोही अर्धवट.

कारण साधं आहे. बहुतेक पीसीआर परजीवीच्या कायनेटोप्लास्टमधल्या (पेशीतल्या डीएनएच्या एका गाठोड्यातल्या) डीएनएच्या लहान वर्तुळांवर आधारलेले असतात. एका परजीवीत ती हजारोंनी असतात, त्यामुळे चाचणी अतिशय संवेदनशील. कालच प्यालेल्या रक्तातले दोन मेलेले परजीवीही पट्टा (पॉझिटिव्हची खूण) दाखवतात. डोनोव्हानी न झेपणाऱ्या माशीतही पहिले तीन-चार दिवस परजीवी दिसतात. रक्ताभोवतीची पडदी फुटून रक्त बाहेर पडलं की तेही वाहून जातात. जी माशी त्यांना आतड्याच्या भिंतीला धरून ठेवू शकते, तिच्यातच ते उरतात. पापाटासी याचं ठळक उदाहरण: तिच्या आतड्यातलं गॅलेक्टिन नावाचं प्रथिन लिशमॅनिया मेजर या जातीच्या पृष्ठभागावरची साखर पकडतं, म्हणून मेजर टिकतो आणि इतर जाती बहुधा धुतल्या जातात.

यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. पकडलेल्या माद्या चार-पाच दिवस साखरेवर जिवंत ठेवा आणि रक्त गेल्यावरच तपासा. पीसीआरमध्ये नर माश्या निगेटिव्ह नियंत्रण म्हणून प्रत्येक फेरीत घाला. नर पॉझिटिव्ह आला की दूषितता तुमच्या टेबलावर आहे. पट्टा आला तर परजीवीच्या डीएनएतल्या आयटीएस-१ किंवा एचएसपी-७० या तुकड्याचं क्रमवाचन करून जात ठरवा. आणि अहवालात ‘लिशमॅनियाचा डीएनए आढळला’ असंच लिहा. ‘वाहक’ हा शब्द त्या अहवालात यायला नको.

जुनी_पानं

या विषयाचा इतिहास नेमका हाच धडा देतो, म्हणून थोडं विषयांतर.

१९०३ साली लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे परजीवी वर्णिला. १९२४ साली कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना काळ्या आजाराच्या रुग्णांवर पोसलेल्या अर्जेंटिपिसच्या आतड्यात कशाभधारी परजीवी वाढताना दिसले. सिंटन यांनी दाखवलं की या माशीचा आणि आजाराचा नकाशा एकमेकांवर बसतो. आजच्या मापाने ‘वाहक सापडला’ म्हणायला इतकं पुरलं असतं. पण चाव्यातून आजार देऊन दाखवायला पुढे जवळजवळ अठरा वर्षं गेली. माश्या अंडी घालून मरत, आणि परजीवी तोंडापर्यंत पोहोचायला लागणारे दिवस त्या जगतच नसत.

कोंडी फोडली मनुकांनी. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९४०च्या सुमारास एकदा रक्त पाजलेल्या माश्या पुढे पुन्हा रक्तावर न ठेवता मनुकांच्या रसावर ठेवल्या. माश्या जगल्या, आणि त्यांच्या आतड्याचा पुढचा भाग परजीवींनी अक्षरशः तुंबला. मग १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माश्यांच्या चाव्यातून माणसांना, स्वयंसेवकांना, संसर्ग होतो हे सिद्ध केलं. माशी निसर्गात गोड रस पिते ही साधी गोष्ट पिंजऱ्यात विसरली गेली होती.

तुंबण्याचं कारण पुढे कळलं. परजीवी स्वतःच एक चिकट जेल स्रवतात, ते झडप उघडी धरतं, आणि माशी चावताना ते परजीवींसकट उलटून जखमेत पडतं. सोबत माशीची लाळही जाते, आणि लाळेमुळे संसर्ग जोमाने धरतो हे १९८८पासून माहीत आहे. २०१८ साली आणखी एक भर पडली: आधीच बाधित माशीने पुन्हा रक्त प्यालं तर आतल्या परजीवींची संख्या कित्येक पटींनी वाढते. म्हणजे सिरिंजने परजीवी टोचून केलेल्या लस-चाचण्यांचे निकाल माशीच्या चाव्याला लागू होतीलच असं नाही.

कुंडी

मनुकांवरून वसाहतीचा विषय काढतो, कारण प्रयोग करायचा तर माश्या पाळाव्या लागतात आणि बहुतेकांच्या वसाहती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत बुडतात.

प्लास्टिकचे अर्धा लिटरचे डबे, तळाला भोकं, तळ आणि थोडी बाजू प्लास्टर ऑफ पॅरिसने लिंपलेली. प्लास्टर खालून पाणी शोषतं आणि आत ओल टिकते. तापमान २६ ते २८, आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. मोठ्या माश्यांना ३० टक्के साखरेच्या पाण्याचा कापूस, रोज बदलायचा. शिळा कापूस बुरशीचं मूळ. रक्त पाजून चार-पाच दिवसांनी माद्या अंडी घालायच्या डब्यात सोडा. एक मादी साधारण तीस ते सत्तर अंडी घालते. ती आधी पांढरी असतात, काही तासांत काळपट होतात. पांढरीच राहिली तर फळलेली नाहीत.

अळ्यांचं खाणं: सशाच्या लेंड्या आणि सशाचं खाद्य समप्रमाणात मिसळून, ओलसर ठेवून काही आठवडे कुजवायचं, मग वाळवून, दळून, चाळून. नीट कुजवलेलं खाणं कमी बुरशी धरतं. पहिल्या टप्प्यातली अळी केसाएवढी असते, शेपटीला लांब काळे केस. तिच्या डब्यात चिमूटभरच पूड. इथे जास्त खाणं म्हणजे मरण. दोन दिवसांत बुरशीचं जाळं पसरतं आणि अळ्या त्यात अडकतात. जाळं दिसलं तर कुंचल्याने मोडा आणि पाणी कमी करा. कोरडं पडलं तर अळ्या हालचाल थांबवतात, गर्दी झाली तर एकमेकींना खातात. अंड्यापासून माशीपर्यंत पाच ते आठ आठवडे.

हळूहळू वसाहत खचत असेल आणि कारण दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासा: माइट्स आणि ग्रेगॅरीन. मेलेल्या माश्यांचं पोट उघडून ग्रेगॅरीन शोधा. सापडले तर अंडी धुऊन नव्या डब्यांत न्या आणि जुनं प्लास्टर फेकून द्या, उकळून पुन्हा वापरू नका.

फवारा

नियंत्रणाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. काळ्या आजाराच्या कार्यक्रमात आधी डीडीटी ५० टक्के, चौरस मीटरला एक ग्रॅम. २०१५च्या सुमारास त्याची जागा अल्फासायपरमेथ्रिन ५ टक्के या पुडीने घेतली, चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम. २५० ग्रॅम पूड १० लिटर पाण्यात, त्यात ५०० चौरस मीटर भिंत. हिशेब पडताळून बघा: २५० ग्रॅममध्ये १२.५ ग्रॅम औषध, भागिले ५००. दहा लिटरमध्ये सातशे चौरस मीटर ‘झाली’ असं वहीत दिसलं तर मात्रा कमी पडली, प्रतिकारक्षमतेच्या गप्पा नंतर.

डीडीटी निकामी होण्यात दोन्ही गोष्टींचा हात होता: माशीत केडीआर उत्परिवर्तन (मज्जातंतूवर औषधाचा परिणाम कमी करणारा जनुकीय बदल) आलेलं, आणि भिंतीवर औषध ठरल्यापेक्षा कमी. पूड ढवळली नाही तर तळाशी बसते आणि शेवटच्या घरांना पाणीच मिळतं. नळीचं तोंड झिजलं की पट्टा रुंदावतो. आणि फवारणीनंतर आठवड्यात सण आला की भिंती शेणामातीने सारवल्या जातात, सगळं औषध थराखाली. फवारणीची तारीख सारवण्याच्या दिवसांनंतर ठेवणं हा यावरचा उपाय. गोठे टाळून फक्त घरं फवारणंही चुकीचं, कारण अर्जेंटिपिसला माणसापेक्षा गुरं जास्त आवडतात आणि ती गोठ्यातच विसावते.

प्रतिकारक्षमतेची नळी-चाचणी: एक तास कागदाशी संपर्क, २४ तासांनी मेलेल्या मोजा. ९८ टक्के किंवा वर मेल्या तर संवेदनशील, ९०च्या खाली तर प्रतिकारक. नियंत्रण नळीतच वीस टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी बाद. बहुतेक वेळा कारण कोरडी हवा किंवा नळीने ओढताना लागलेला मार. नळ्यांवर ओलं टॉवेल घाला.

मच्छरदाणीबद्दल: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कालानेट नावाच्या चाचणीत बिहार आणि नेपाळच्या गावांत औषधी मच्छरदाण्या वाटूनही डोनोव्हानीचा संसर्ग कमी झाला नाही. माशी संध्याकाळीच, लोक अंगणात आणि गोठ्यात असतानाही चावते. स्वतः बाळाला नीट बारीक जाळीत झोपवणं तरीही योग्यच. गावाच्या नियंत्रणाचा भार तिच्यावर टाकू नये, इतकंच.

दुर्बीण

फवारा यांच्या मुद्द्याला जोडून: माशी कितीही मारली तरी काळा आजार बरा झाल्यावर त्वचेवर येणारे फिकट चट्टे, पीकेडीएल, राहिले तर साठा राहतो. हे लोक आजारी दिसत नाहीत, कामावर जातात, दवाखान्यात येत नाहीत. बिहारमधल्या अभ्यासात त्यांच्यावर पोसलेल्या माश्या बाधित झाल्या. लक्षणं नसलेल्या, फक्त रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्या लोकांवर पोसलेल्या माश्या झाल्या नाहीत. म्हणून माशीच्या पथकाने घरात शिरताना चट्ट्यांचीही चौकशी करावी. चट्ट्यावर कापसाने स्पर्श करून संवेदना आहे का बघा. संवेदना गेली असेल तर कुष्ठरोगाकडे वळा, असेल तर पीकेडीएलचा विचार.

सारवण

कोनाडा, पाळत आणि वाहकाचा पुरावा हा फरक पटला, आभार. शेवटचं विचारतो. पैदास नेमकी कुठे होते ते शोधायला माती चाळावी का?

गोठ्याचा_कोपरा

चाळून फारसं हाती लागत नाही. किलोंनी माती साखरेच्या दाट पाण्यात तरंगवून चार-दोन अळ्या मिळतात. त्यापेक्षा उगम-सापळा लावा: तळ नसलेला डबा किंवा टोपली गोठ्याच्या जमिनीवर उलटी, आत वरच्या बाजूला एरंडेल लावलेला कागद. कडा ओल्या मातीने लिंपून पूर्ण बंद करा, एक मिलिमीटरची फट राहिली तरी बाहेरची माशी आत येऊन निकाल बिघडवते. अंड्यापासून माशी व्हायला पाच-आठ आठवडे लागतात, म्हणून तेवढे दिवस जागा हलवू नका. कागद दर चार दिवसांनी बदला. गव्हाणीखालची ओल, भिंतीचा पायथा आणि शेणाच्या ढिगाची कोरडी होत जाणारी कड, या तीन जागांपासून सुरू करा. आणि कागदावर सापडलेल्या नरांची जननांगं फिरली आहेत का ते आधी बघा.